गावठी कुत्र्याची जात कोणती?

आमच्या घरी टिप्या नावाचा कुत्रा आहे. अंगाने काळा, कपाळावर एक पांढरा टिपका, कान अर्धे पडलेले आणि शेपूट पाठीवर वळलेले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला रेबीजची लस टोचून आणण्यासाठी जनावरांच्या दवाखान्यात नेले. तिथे एक कार्ड मिळाले. त्यावर नाव, वय, रंग आणि चौथा रकाना 'जात'. लिहिणाऱ्या गृहस्थांनी टिप्याकडे एकवार पाहिले आणि लिहिले, 'लॅब्रॅडॉर क्रॉस'. मी म्हटले, "हा आमच्या गोठ्यामागे जन्मलेला आहे. याची आई गावातलीच." त्यावर ते म्हणाले, "आई असंल की. बाप कुणी बघितलाय?" रांगेतले लोक हसले. मीही हसले. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

पुढे मानसशास्त्राच्या तासाला 'अनुवंश' हे प्रकरण सुरू झाले. सरांनी बोलता बोलता सांगितले की अमेरिकेत आता कुत्र्याच्या गालातली लाळ पाठवली की त्याचे आजोबा-पणजोबा कोणत्या जातीचे होते हे डी.एन.ए. चाचणीने कळते. माझे कान टवकारले. त्यानंतरचे दोन महिने मी याविषयी मिळेल ते वाचत होते. इंग्रजी जड गेले, शब्दकोश उघडाच ठेवावा लागला. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे अडलेले घरी विचारायची सोय नव्हती. उलट घरच्यांना सांगता सांगताच ते मला समजत गेले. म्हणून हा लेखही मी जसा आजीला आणि अण्णांना सांगितला, बराचसा तसाच लिहिते आहे.

आजीला मी गोधडीचा दाखला दिला. आमच्याकडे एक जुनी गोधडी आहे. आजी बोट ठेवून सांगते, हा तुकडा तुझ्या पणजीच्या इरकलीचा, हा माझ्या लग्नातल्या लुगड्याचा, हा तुझ्या आत्याच्या परकराचा. प्रत्येक प्राण्याचे शरीर अशी एक गोधडी बाळगून असते असे समजा. कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात (माणसाच्या २३), आणि त्यांत डी.एन.ए.ची सुमारे २४० कोटी अक्षरे ओळीने मांडलेली असतात. पिल्लू जन्मते तेव्हा आईची गोधडी उसवून अर्धे कापड आणि बापाची उसवून अर्धे कापड घेतले जाते. शिवाय उसवताना शिवणीवरच उसवले जाते असे नाही, मधूनच कात्री चालते. त्यामुळे दर पिढीला तुकडे लहान होत जातात. पणजीच्या इरकलीचा हातभर तुकडा नातीकडे वितभर येतो आणि पणतीकडे चार बोटे. तुकडा लांब सापडला तर तो पूर्वज जवळचा, चिंधी सापडली तर दूरचा. वंशावळ वाचण्याची युक्ती ती हीच.

यात एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. आईकडून निम्मे आणि बापाकडून निम्मे हे ठरलेले. पण आजोबांकडून पाव हिस्सा येतो तो फक्त सरासरीने. आई स्वतःच्या गोधडीतून कोणते अर्धे कापड पुढे देईल याला नेम नाही. एका पिल्लाला आजोबाचे जास्त येईल, त्याच्या पाठच्याला आजीचे. आमच्याकडे गाय भरवायला येतात ते सांगतात की हे वासरू पंचाहत्तर टक्के होल्स्टिन. तो वळूंच्या नावावरून कागदावर मांडलेला हिशेब असतो. चाचणी कागद पाहत नाही, कापड मोजते. कुत्रीच्या बाबतीत तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. तेव्हा "बाप कुणी बघितलाय" या प्रश्नात तसे तथ्य होते हे मला मान्य केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष चाचणी. कुत्र्याच्या गालाच्या आतून एक बोळा किंवा लहान ब्रश फिरवतात. त्याला पेशी चिकटून येतात. प्रयोगशाळेत त्या पेशींतला डी.एन.ए. वेगळा काढतात आणि त्यातल्या ठरावीक जागांवर कोणते अक्षर आहे ते वाचतात. कुत्र्या-कुत्र्यांत जिथे फरक पडतो अशाच या जागा असतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या सहकार्याने २०१५ मध्ये सुरू झालेली 'एम्बार्क' ही कंपनी अशा दोन लाखांहून अधिक जागा वाचते. मग ही अक्षरे, ज्यांची जात आधीच माहीत आहे अशा हजारो कुत्र्यांच्या संग्रहाशी ताडून पाहतात. आजीच्या भाषेत सांगायचे तर ट्रंकेत सगळ्या घरच्या लुगड्यांचे नमुने ठेवलेले असतात, आणि गोधडीतला एकेक तुकडा त्यांच्याशी जुळवून पाहायचा असतो.

हे शक्य आहे हे सिद्ध झाले २००४ मध्ये. सिएटल येथील संशोधकांनी ८५ जातींचे ४१४ कुत्रे घेतले, डी.एन.ए.वरच्या केवळ ९६ खुणा तपासल्या, आणि त्या खुणांवरून कुत्र्याची जात सांगता येते का हे पाहिले. ९९ टक्के कुत्र्यांची जात बरोबर आली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, 'टाशा' नावाच्या एका बॉक्सर कुत्रीची संपूर्ण अक्षरमाला प्रसिद्ध झाली. बॉक्सरच का? तर या जातीत आपसांतले संबंध इतके झालेले की तिच्या दोन्ही बाजूंची अक्षरे बरीचशी सारखी निघतात आणि वाचायला सोपे जाते. २००७ पासून अशा चाचण्या बाजारात येऊ लागल्या.

९९ टक्के हा आकडा वाचून मी थक्क झाले. मग लक्षात आले की यात निसर्गापेक्षा दप्तराचा वाटा मोठा आहे. कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षे आहे, पण आज आपण ज्यांना जाती म्हणतो त्या बहुतेक अवघ्या दीड-दोनशे वर्षांतल्या. इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ मध्ये कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला, नोंदवह्या सुरू झाल्या. वहीत नाव असलेल्या नराचा संबंध वहीत नाव असलेल्या मादीशीच. बाहेरचा आला की पिल्लू वहीबाहेर. असे पिढ्यान् पिढ्या चालले म्हणून प्रत्येक जातीचे कापड वेगळे ओळखू येते. हे वाचताना मला रविवारच्या वर्तमानपत्रातले 'वधू पाहिजे'चे पान आठवले. आठवण अस्थानी असेल, पण आली ती लिहिली.

इंग्रजीत कुत्र्यासाठी एक शब्द आहे आणि माणसासाठी दुसरा. मराठीत दोहोंना 'जात' हा एकच शब्द. दवाखान्यातल्या कार्डावर तोच रकाना आणि माझ्या प्रवेश अर्जावरही तोच. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडले होते की जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे, तो एकाच वंशाच्या लोकांत समाजाने पाडलेला भेद आहे. म्हणजे कुत्र्याची जात आणि माणसाची जात या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखात त्यांची गल्लत करण्याचा माझा हेतू नाही. पण चेहरा पाहून रकाना भरणारा माणूस दोन्हीकडे सारखाच असतो. त्याच्याविषयी थोडे लिहायचे आहे.

अमेरिकेत बेवारशी कुत्र्यांची निवारागृहे असतात. कुत्रा आला की तिथले कर्मचारी त्याच्याकडे पाहून जात लिहितात, आणि ते वाचूनच लोक त्याला घरी नेतात किंवा नेत नाहीत. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अशा २० मिश्र कुत्र्यांचा डी.एन.ए. तपासला. संस्थांनी लिहिलेल्या जातींपैकी निदान एक तरी जात चाचणीत प्रमुख म्हणून आढळली असे कुत्रे फक्त पाव हिस्सा होते. २० हा आकडा लहान आहे असे कुणी म्हणेल. २०१८ मध्ये ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया येथील दोन निवारागृहांतील ९०० हून अधिक कुत्र्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांत १२५ जातींचे अंश सापडले आणि शुद्ध एकाच जातीचे कुत्रे ५ टक्केदेखील भरले नाहीत. कर्मचाऱ्यांनी सांगितलेली निदान एक जात जुळली असे ६७ टक्के वेळा झाले. पण एकाहून अधिक जाती बरोबर ओळखता येणे दहात एकदाच जमले. आणि ही माणसे रोज कुत्र्यांतच वावरणारी.

डोळा इतका का फसतो? आपण जे पाहतो ते फार थोड्या जनुकांचे काम असते म्हणून. कुत्र्यात सुमारे १९ हजार जनुके आहेत. त्यांतल्या एकाच जनुकातला फरक लहान जातींच्या लहानपणास मोठ्या प्रमाणात कारणीभूत असतो, हे २००७ मध्ये दिसून आले. डॅशहुंड, बॅसेट यांचे आखूड पाय एका जनुकाच्या जादा प्रतीमुळे होतात, हे २००९ मध्ये. त्याच वर्षी असेही कळले की केस लांब की आखूड, सरळ की कुरळे, मिशाळ की नाही, यातले बहुतेक प्रकार तीन जनुकांच्या जुळणीतून निघतात. काळा रंग तर बहुधा प्रबळ असतो, एका पालकाकडून आला तरी पुरे. तेव्हा काळे अंग आणि पडके कान पाहून 'लॅब्रॅडॉर' म्हणणे म्हणजे गोधडीचा काठ पाहून आतल्या सगळ्या तुकड्यांची नावे सांगण्यासारखे आहे.

सरांनी सांगितलेले स्कॉट आणि फुलर यांचे पुस्तक १९६५ चे. तेव्हा ही चाचणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. त्यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे पाच जातींचे कुत्रे वाढवून अनेक वर्षे प्रयोग केले. आफ्रिकेतला उभ्या कानांचा, आखूड केसांचा बसेंजी आणि लांब कानांचा, झुपकेदार केसांचा कॉकर स्पॅनियल यांचा त्यांनी संकर केला. पिल्ले मधली झाली असतील असे आपल्याला वाटते. तशी ती झाली नाहीत. पहिल्या पिढीची पिल्ले तिसऱ्याच कुठल्या तरी जातीची वाटावीत अशी निघाली, आणि त्यांच्या पोटच्या पिल्लांत तर इतके नमुने की ती एका घरची आहेत हे सांगूनही पटू नये. आजी-आजोबा स्वतः शास्त्रज्ञांनी निवडलेले, वहीत लिहिलेले, तरी नातवंडांच्या तोंडावरून त्यांचा पत्ता लागत नव्हता.

हे सर्व गमतीचे वाटेल, पण रकान्यात काय लिहिले यावर कुत्र्याचा जीव अवलंबून असतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९८९ पासून 'पिट बुल' कुत्रे पाळण्यास बंदी होती. २०२० च्या नोव्हेंबरात नागरिकांनी मतदानाने ती उठवली आणि परवाना पद्धत आली. इंग्लंडात १९९१ च्या कायद्याने काही प्रकारचे कुत्रे निषिद्ध ठरले, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून 'एक्सएल बुली' हा प्रकार सवलतीच्या प्रमाणपत्रावाचून पाळणे गुन्हा झाला. तिथे कुत्रा निषिद्ध आहे की नाही हे त्याच्या दिसण्यावरून ठरते, नावावरून किंवा वंशावरून नव्हे. एक्सएल बुलीच्या व्याख्येत नराची खांद्यापर्यंतची उंची २० इंच किंवा अधिक अशी मापेच दिली आहेत. बेलफास्टमध्ये 'लेनॉक्स' नावाच्या कुत्र्याला २०१० मध्ये अशाच मापांवरून ताब्यात घेतले गेले. दोन वर्षे खटला चालला आणि जुलै २०१२ मध्ये त्याला मारण्यात आले. आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जाती आणि त्यांचे संकर यांच्यावर बंधने सुचवणारे पत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले. पण संकर कोणता आणि कोणता नाही हे कुणी आणि कसे ठरवायचे, हा प्रश्न मला ते पत्रक वाचताना सारखा पडत होता.

इथे माझी एक गोष्ट सांगते. पहिल्या वर्षी वसतिगृहात आले तेव्हा खोलीतल्या मुलीने पहिल्याच संध्याकाळी आडनाव विचारले. माझे आडनाव तीन-चार जातींत असते. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच." तिने माझा रंग पाहिला असेल, बोलणे ऐकले असेल, आणि रकाना भरून टाकला. मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. महिनाभर आम्ही एका ताटात जेवलो. मग शिष्यवृत्तीचा अर्ज टेबलावर राहिला आणि तिने तो पाहिला. भांडण झाले नाही. ती बोलायची थांबलीही नाही. फक्त दोन ताटे झाली. तिचा अंदाज चुकला याचे मला काही वाटले नाही. त्या महिन्यात मी गप्प का बसले, हे मात्र अजून टोचते.

जात विचारणाऱ्याला बहुधा स्वभाव जाणून घ्यायचा असतो. अमुक जातीचा कुत्रा चावरा, तमुक जातीचा मायाळू, अशी मते सर्वत्र आहेत. आपल्याकडे तर कुत्र्याच्या शेपटावरून अख्ख्या प्राणिमात्राच्या स्वभावाचा निकाल लावणारी म्हणच आहे. एप्रिल २०२२ मध्ये एलिनॉर कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून स्वभावाविषयी प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २,१५५ कुत्र्यांचा डी.एन.ए. वाचला. त्यांत मिश्र कुत्रे भरपूर होते, आणि नेमका त्यांचाच उपयोग झाला. कारण मिश्र कुत्र्याच्या मालकाला त्याची जात नक्की ठाऊक नसते, म्हणून त्याच्या उत्तरात ऐकीव मते कमी मिसळतात. निष्कर्ष असा, की एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला सुमारे ९ टक्केच जातीने उलगडतो. सांगितलेले ऐकण्याची वृत्ती थोडीफार वंशावरून सांगता येते. पण भीती वा त्रास झाला असता कुत्रा किती लवकर चवताळेल हे जातीवरून जवळजवळ काहीच सांगता येत नाही. माझ्या मते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे, कारण सगळे बंदीहुकूम ज्या समजुतीवर उभे आहेत ती हीच.

मग चाचणी निरुपयोगी का? तसे नाही. कॉली आणि तिच्या नात्यातल्या काही जातींत एका जनुकात दोष असतो. तो २००१ मध्ये सापडला. असा दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन जास्त मात्रेत दिले तर ते मेंदूपर्यंत पोचते आणि विषासारखे भिनते. आयव्हरमेक्टिन आपल्याकडे जनावरांच्या गोचिडांवर आणि जंतांवर सर्रास वापरतात. मिश्र कुत्र्याच्या रूपावरून त्याच्यात हा दोष आहे की नाही ते ओळखता येत नाही, चाचणीवरून येते. पूर्वजांचे नाव नुसते कळण्यापेक्षा मला हा उपयोग मोलाचा वाटतो.

आता टिप्याकडे वळते. आजी सगळे ऐकून म्हणाली, "पण तुझ्या त्या ट्रंकेत आपल्या घरचं लुगडंच नसलं तर?" मला हे पुस्तकातून समजायला पंधरा दिवस लागले होते. चाचणी तेवढेच ओळखू शकते जेवढे तिच्या संग्रहात आहे. संग्रहात नसलेला तुकडा आला तर ती त्याला जवळात जवळच्या दुसऱ्या कापडाचे नाव देईल, किंवा जुळत नाही म्हणून बाजूला ठेवील. अलीकडे काही कंपन्यांनी 'व्हिलेज डॉग' म्हणजे गावठी कुत्रा असा स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. तो ठेवावा लागला, कारण संशोधनात निघाले ते आपल्या समजुतीच्या उलट होते.

२०१५ मध्ये कॉर्नेलच्या ॲडम बॉयको आणि सहकाऱ्यांनी १६१ जातींचे साडेचार हजारांहून अधिक जातिवंत कुत्रे आणि ३८ देशांतील ५४९ गावठी कुत्रे यांची तुलना प्रसिद्ध केली. मध्य व दक्षिण अमेरिकेतले आणि दक्षिण पॅसिफिकमधले गावठी कुत्रे जवळजवळ संपूर्णपणे युरोपी कुत्र्यांपासून झालेले निघाले. काही ठिकाणी सरमिसळ दिसली. पण भारत, व्हिएतनाम आणि इजिप्त येथील गावठी कुत्र्यांत युरोपी रक्ताचा अंश नाममात्रच आढळला. म्हणजे आपला गावठी कुत्रा 'कशाचा तरी क्रॉस' नाही. तुकडे जोडून झालेली गोधडी तो नाहीच, आपल्याच मागावर विणलेले ते अखंड कापड आहे. केनेल क्लबाची वही उघडण्याच्या कितीतरी आधीपासून तो इथे आहे. वहीत नाव नाही म्हणून आपण त्याला वहीतल्या नावांचे मिश्रण समजतो. शहरात, जिथे विकत आणलेले कुत्रे सोडून दिले जातात, तिथली स्थिती निराळी असू शकेल.

आमच्या लातूर भागात दुसराही एक अंदाज चालतो. कुत्रा लांब पायांचा, बारीक कमरेचा निघाला की 'कारवानी' म्हणायचे. कारवानी, म्हणजेच कर्नाटकातल्या मुधोळच्या नावाने ओळखला जाणारा शिकारी कुत्रा, माळावरच्या सशामागे धावणारा. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली त्यांत मुधोळ होता. टिप्याचे पाय आखूड, त्यामुळे त्याला तो मान मिळाला नाही.

टिप्याची चाचणी मी केलेली नाही. तेवढ्या पैशात माझे पुढच्या सत्राचे शुल्क भरले जाईल, आणि अण्णांना हा खर्च कोणत्या तोंडाने सांगायचा हाही प्रश्न आहे. तेव्हा त्याच्या बापाविषयी खात्रीने सांगणे मला शक्य नाही. अण्णांनी मात्र सगळे ऐकून घेतले, विडी विझवली आणि विचारले, "आपल्या चार गावांत लेबराडॉर कुणाकडं हाय गं?" मी एकेक घर मोजून पाहिले. कुणाकडेच नव्हता.

लसीचे कार्ड मी जपून ठेवले आहे. पुढच्या दिवाळीत दुसरी लस आहे. तेव्हा चौथ्या रकान्यात 'गावठी' लिहा, असे मी स्वतः सांगणार आहे.